काउंटरच्या आतल्या बाजूने: ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी न्याय्य आणि सुगम कामाची जागा कशी घडवायची

ग्रंथालयाच्या पुढच्या दाराला उतार होता, कठडा होता, दारही हलकं होतं. मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. पुढचं दार वाचकांसाठी दहाला उघडायचं आणि कर्मचारी मागच्या दाराने साडेनऊला आत यायचे. तालिकीकरणाचं, म्हणजे पुस्तकांच्या कॅटलॉग-नोंदी तयार करण्याचं, काम करणारी माझी एक सहकारी व्हीलचेअर वापरायची. ती रोज वेळेवर यायची आणि आतून कुणी पुढचं दार उघडेपर्यंत बाहेर थांबायची. कधी पाच मिनिटं, कधी पंचवीस. हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'उशिरा' असा शेरा पडत राहिला. आठ महिन्यांनी तिला पुढच्या दाराची किल्ली मिळाली आणि प्रश्न त्या दिवशीच मिटला. त्या आठ महिन्यांत मीही तिथेच काम करत होते. दार मी रोज बघत होते आणि किल्ली मलाही सुचली नव्हती.

ग्रंथालयाच्या पेशात आपण वाचकाचा विचार फार मनापासून करतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेले ग्रंथालयाचे पाच नियम आपण पाठ केलेले असतात. पुस्तक, वाचक, वाचकाचा वेळ, वाढती संस्था हे सगळं त्यांत आहे. पुस्तकं उचलणाऱ्या, लावणाऱ्या, नोंदवणाऱ्या माणसाचा उल्लेख मात्र त्या पाच वाक्यांत नाही. संस्था वाढते ती त्याच्याच हातांनी. हा लेख त्या माणसासाठी आहे, आणि त्याच्या कामाची जागा ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासाठी. तुम्ही मोठ्या ग्रंथालयाचे प्रमुख असा किंवा तिघांच्या चमूतले एक, यातलं बरंचसं उद्यापासून करता येईल.

आधी शब्द नीट समजून घेऊ. 'प्रत्येकाने रोज दोन तास शेल्फ लावायचे' हा नियम सगळ्यांना सारखा आहे, म्हणजे समानता झाली. पण ज्याचे गुडघे वाकत नाहीत त्याला तेच दोन तास इतरांपेक्षा कितीतरी महाग पडतात. ती किंमत बघून कामाची आखणी करणं म्हणजे समन्याय. बैठकीला बोलावणं आणि निर्णयात धरणं यांत जे अंतर आहे ते मिटवणं म्हणजे समावेशन. आणि जागा, साधनं, सॉफ्टवेअर, कागदपत्रं प्रत्येकाला स्वतःच्या हाताने वापरता येणं म्हणजे सुगम्यता. समन्याय, समावेशन आणि सुगम्यता या तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत, त्यामुळे पुढच्या पायऱ्यांत मी त्यांचे वेगळे कप्पे केलेले नाहीत.

पायरी १: एका पुस्तकाच्या मागे चाला

समिती नेमण्याआधी, धोरण लिहिण्याआधी हे करा. नुकतं आलेलं एक पुस्तक निवडा आणि पार्सल उघडल्यापासून ते शेल्फवर जाईपर्यंत त्याच्या मागे मागे चाला. हातात मोजपट्टी, वही आणि शक्य असेल तर वजनकाटा. खोकं कुठे उतरतं, दाखल नोंद (नव्या पुस्तकाची नोंदवहीतली पहिली नोंद) कुठे होते, वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) कोण देतं, शिक्का, लेबल आणि बारकोड कोणत्या टेबलावर लागतात, ट्रॉली कोणत्या वाटेने जाते हे टिपा. प्रत्येक थांब्यावर सहा प्रश्न लिहून काढा. इथे किती उचलावं लागतं? किती वाकावं लागतं? हात किती वर न्यावा लागतो? काय दिसलंच पाहिजे? काय ऐकू आलंच पाहिजे? आणि किती वेळ उभं राहावं लागतं?

काही मापं जवळ ठेवा. व्हीलचेअर सरळ जायला किमान ९० सेंटिमीटर रुंदीची वाट लागते आणि जागच्या जागी वळायला साधारण १५० सेंटिमीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ. बसलेल्या माणसाचा हात सहज पोहोचतो तो जमिनीपासून साधारण ४० ते १२० सेंटिमीटरच्या पट्ट्यात. टेबलाखाली गुडघे जायला जवळपास ७० सेंटिमीटर उंचीची पोकळी हवी. उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी. ही मापं आपण वाचनकक्षात तपासतो. ती भांडारात, बाइंडिंगच्या खोलीत, कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहात आणि सूचनाफलकासमोरही तपासा. रजेचा तक्ता डोक्याच्या वर लावलेला असतो, हे त्यासमोर खुर्चीत बसून बघितल्याशिवाय लक्षात येत नाही.

वजनाचं मी जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या कामातली बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या सूत्रात उचलण्याच्या वजनाची कमाल मर्यादा २३ किलो धरली आहे, आणि तीही सगळं अनुकूल असताना: वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, पाठ न वळवता. जमिनीवरचं खोकं वाकून उचललं, किंवा ते धरून वळावं लागलं, की ती मर्यादा झपाट्याने खाली येते. आता तुमच्याकडे आलेलं एक खोकं काट्यावर ठेवून बघा. पुरवठादाराला 'खोकी लहान बांधा, प्रत्येक खोक्यावर वजन लिहा' असं खरेदीपत्रातच कळवता येतं. ट्रॉलीचा सर्वांत खालचा कप्पा रिकामा ठेवायचा असा नियम करता येतो. खोकी जमिनीवर न उतरवता कमरेइतक्या टेबलावर उतरवता येतात. यांतली एकही गोष्ट कुण्या एका अपंग कर्मचाऱ्यासाठी म्हणून करायची नाही. गरोदर सहकारी, पाठीचं ऑपरेशन झालेला परिचर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला लिपिक, सगळ्यांनाच ती लागते.

पायरी २: विचारा, पण माणसाबद्दल नको, कामाबद्दल

लोकांना काय अडतं हे त्यांनाच ठाऊक असतं, म्हणून विचारायला हवंच. अडचण विचारण्याच्या पद्धतीत आहे. पाच जणांच्या ग्रंथालयात 'नाव न लिहिता सूचना द्या' अशी पेटी ठेवली तर चिठ्ठी उघडताक्षणी अक्षर ओळखू येतं. आपण दिवसभर एकमेकांच्या हस्ताक्षरातल्या नोंदी वाचत असतो. तिथे निनावीपणाचं आश्वासन देऊच नका, कारण ते पाळता येणार नाही.

त्याऐवजी प्रश्न बदला. 'तुम्हाला काही त्रास आहे का?' असं विचारलं की बहुतेक जण 'नाही' म्हणतात. 'दिवसाच्या शेवटी कोणतं काम अंगावर येतं?', 'कोणतं काम दुसऱ्याला सांगून करून घ्यावं लागतं?', 'कोणती खोली तुम्ही टाळता?' असं विचारा. उत्तरं भराभर येतात, कारण आता तक्रार कामाची आहे. आजाराचं नाव, निदान, औषधं यांतलं काही विचारू नका. ते सांगायचं की नाही हा सर्वस्वी त्या माणसाचा निर्णय आहे आणि उपाय करायला त्याची गरजही नसते.

विचारण्याच्या यादीत कंत्राटी माणसं, सफाई कामगार, सुरक्षारक्षक, शिकाऊ उमेदवार आणि फक्त संध्याकाळी येणारे अर्धवेळ कर्मचारी आहेत का, हे पाहा. बैठका सकाळी होतात म्हणून संध्याकाळची पाळी कायमची अनुपस्थित असते, आणि रिकाम्या इमारतीत एकटीने दिवे मालवून बाहेर पडणं कसं असतं हे त्या पाळीलाच माहीत असतं.

पायरी ३: सोय मागण्याची वाट एका पानात लिहा

संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात 'वाजवी सोय' ही कल्पना आहे: माणसाला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून केलेला आवश्यक तो बदल, जो संस्थेवर अवाजवी ओझं टाकत नाही. अशी सोय नाकारणं हाच भेदभाव आहे, असं तो करार स्पष्टपणे म्हणतो, आणि त्याचं २७वं कलम कामाच्या हक्काबद्दल आहे. तुमच्या देशातला कायदा याहून पुढे गेलेला असू शकतो, तो जरूर पाहा. पण कायदा कितीही चांगला असला तरी 'मागायचं कुणाकडे?' हेच माहीत नसेल तर माणूस गप्प बसतो.

म्हणून एक पान लिहा. त्यावर चार गोष्टी हव्यात: कुणाकडे जायचं (आणि तीच व्यक्ती अडचण असेल तर दुसरं कोण), तोंडी सांगितलं तरी चालेल का, किती दिवसांत उत्तर मिळेल, आणि ही माहिती कुणाकुणाला कळेल. 'चालेल का' याचं उत्तर 'हो' असू द्या. अर्ज लिहायला लावणं हाच काहींसाठी अडथळा असतो. उत्तराची मुदत कामाच्या दिवसांत लिहा, 'लवकरात लवकर' असं नको.

मागणी आली की अडथळा काय आहे हे दोघांनी मिळून एका वाक्यात मांडा. 'तिला कमी ऐकू येतं' हे अडथळ्याचं वर्णन नव्हे. 'देवघेव काउंटरवर मागे झेरॉक्स मशीन चालू असतं, त्यामुळे वाचकाचं बोलणं तिला कळत नाही' हे वर्णन झालं. या वाक्यातच उपाय दडलेला असतो: मशीन हलवा. मग दोन आठवडे करून बघायचं, पुन्हा बोलायचं, जमलं तर कायम करायचं. पहिला उपाय फसला तर माणसाला दोष देऊ नका, दुसरा शोधा.

उपाय बहुतेक वेळा साधेच असतात. काउंटरवर उंच स्टूल, म्हणजे बसूनही वाचकाच्या नजरेला नजर देता येते. डोळ्यांवर ताण येणाऱ्यासाठी खिडकीकडे पाठ न करणारी जागा. दिनक्रम अचानक बदलला की गोंधळणाऱ्या सहकाऱ्याला आठवड्याचं वेळापत्रक आदल्या आठवड्यातच. शेल्फ लावण्याच्या बदल्यात बारकोड नोंदणीची अदलाबदल. अदलाबदल उघडपणे वेळापत्रकात लिहा. नाहीतर 'त्याला सूट मिळते' अशी कुजबुज सुरू होते आणि ती कुजबुज सोयीपेक्षा जास्त टिकते.

रंगांकडे एकदा लक्ष द्या. संदर्भग्रंथाला लाल ठिपका, बालविभागाला हिरवा, असं आपण सर्रास करतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर १२ मागे साधारण १ जणाला काही रंग वेगळे ओळखता येत नाहीत. इतरत्र प्रमाण कमी असतं, पण असतंच, आणि लाल-हिरव्याची गल्लत त्यात सर्वाधिक. ठिपक्यावर 'सं' किंवा 'बा' असं अक्षर छापलं की काम झालं.

पायरी ४: माउस बाजूला ठेवा आणि एक तास काम करा

सॉफ्टवेअर निवडताना वाचकांचा ऑनलाइन कॅटलॉग सगळे तपासतात. कर्मचाऱ्यांचा भाग, म्हणजे देवघेव, दाखल नोंद, थकबाकी, अहवाल, कुणी तपासत नाही. आणि दृष्टिहीन सहकाऱ्याला दिवसाचे आठ तास काढायचे असतात ते त्याच भागात.

तपासणीला तज्ज्ञ लागत नाही. माउस काढून ठेवा. फक्त कीबोर्डवर दहा पुस्तकं द्या, दहा परत घ्या, एक नवीन सभासद नोंदवा. टॅब दाबत जाताना आपण कुठे आहोत हे पडद्यावर दिसतं का? एखाद्या चौकटीत शिरलं की बाहेर पडता येतं का? मग एनव्हीडीए सुरू करा. हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, ऑस्ट्रेलियातल्या स्वतः दृष्टिहीन असलेल्या दोन प्रोग्रामरांनी घडवला, काम २००६ मध्ये सुरू झालं. तो चालू करून पडदा बंद करा आणि तेच काम पुन्हा करा. 'बटण, बटण, बटण' एवढंच ऐकू आलं तर बटणांना नावंच दिलेली नाहीत, म्हणजे पुस्तक देण्याचं बटण कुठलं आणि सभासद रद्द करण्याचं कुठलं हे कळायची सोय नाही. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत, ज्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५:१ इतका ठळकपणाचा फरक मागितला आहे. करड्यावर फिकट करडं अक्षर असेल तर ते इथे नापास होतं.

सापडलेले दोष लिहून पुरवठादाराला पाठवा. पुढच्या खरेदीच्या अटींत लिहा की कर्मचाऱ्यांचा भाग कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरवर आमच्यासमोर चालवून दाखवावा लागेल. 'आम्ही निकष पाळतो' अशा छापील ओळीवर समाधान मानू नका.

मराठीत काम करणाऱ्यांची एक खास अडचण आहे. जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक संकेतपद्धती) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेलं परिपत्रक पडद्यावर देवनागरी दिसतं, पण आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतो. स्क्रीन रीडर तोच वाचतो. माझ्या एका दृष्टिहीन सहकाऱ्याने बदलीचं परिपत्रक मला ऐकवलं होतं. यंत्र अर्धा मिनिट अगम्य अक्षरं म्हणत होतं आणि तो शांतपणे म्हणाला, "यात माझं नाव आहे का, एवढंच सांगा." कागद स्कॅन करून पाठवलेल्या पीडीएफचंही तसंच. ते चित्र असतं, मजकूर नव्हे. कार्यालयीन मजकूर युनिकोडमध्येच टाइप करायचा आणि मूळ फाइल सोबत जोडायची, हा नियम उद्यापासून लागू करता येतो आणि त्याला खर्च नाही.

पायरी ५: भरतीची जाहिरात पुन्हा वाचा

आधी थोडा इतिहास, कारण आपला पेशा जन्मतः सर्वसमावेशक होता असा आपला समज असतो. दशांश वर्गीकरणाचे जनक मेल्विल ड्युई यांनी १८८७ साली कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालनाची शाळा काढली आणि तिच्यात स्त्रियांना प्रवेश दिला. पहिल्या तुकडीतल्या २० विद्यार्थ्यांपैकी १७ स्त्रिया होत्या. त्याच ड्युईंच्या खासगी क्लबात ज्यूंना मज्जाव होता, आणि स्त्री सहकाऱ्यांशी त्यांच्या वागणुकीबद्दल गंभीर तक्रारी होत्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ साली आपल्या पदकावरून त्यांचं नाव काढण्याचा निर्णय घेतला. दार उघडणं आणि आतल्या माणसाला मानाने वागवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या पेशाच्या पायातच दिसतं.

आता जाहिरात हातात घ्या. प्रत्येक अटीपुढे लिहा: या पदाचं कोणतं काम हिच्याशिवाय होणार नाही? 'सुदृढ प्रकृती', 'चपळ', 'उत्साही तरुण', 'वाहन परवाना आवश्यक' यांतल्या बहुतेकांपुढे काहीच लिहिता येत नाही. 'पुस्तकं उचलता आली पाहिजेत' याऐवजी 'परत आलेली पुस्तकं त्याच दिवशी शेल्फवर जातील याची व्यवस्था करणं' असं काम लिहिलं तर ते ट्रॉलीने, अदलाबदलीने, मदतनीसाने कसंही पूर्ण करता येतं. मुलाखतीसाठी कोणती सोय हवी ते कळवा, हे वाक्य जाहिरातीतच असू द्या आणि त्यापुढे संपर्काच्या दोन वाटा द्या, एक फोनची आणि एक लेखी.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. गुण कशाला द्यायचे ते आधी ठरलेलं असावं, आणि प्रत्येक परीक्षकाने चर्चेपूर्वी स्वतंत्रपणे गुण लिहून मोकळं व्हावं. नाहीतर वरिष्ठांनी 'मुलगा चुणचुणीत वाटला' म्हटलं की बाकीची पेनं आपोआप त्या बाजूला वळतात. प्रश्न आदल्या दिवशी पाठवायला मी आग्रहाने सांगते. आपल्या कामात संदर्भप्रश्नाचं उत्तर शोधायला वेळ घेणं हा गुण आहे, मग मुलाखतीत तो दोष का ठरावा? शक्य असेल तर बोलण्याऐवजी काम द्या: पाच पुस्तकांना वर्गांक, एका वाचकाच्या अर्धवट माहितीवरून पुस्तकाचा शोध.

आणि बिनपगारी उमेदवारी बंद करा. तीन महिने पगाराविना काढू शकणारेच मग या पेशात येतात.

पायरी ६: न दिसणारं काम मोजा

माझ्या मते सर्वांत जास्त अन्याय इथे होतो आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

एका सहकारीला खाणाखुणांची भाषा येत होती. कर्णबधिर वाचक आला की तिला हाक जायची. ती हातातलं काम टाकून यायची, समजावून सांगायची, कधी अर्धा अर्धा तास. हळूहळू असे वाचक वाढले, कारण इथे आपलं कुणी समजून घेतं हे त्यांच्यात पसरलं. ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात त्याचा अभिमानाने उल्लेख झाला. तिच्या स्वतःच्या मूल्यमापनात मात्र तालिकीकरणाच्या नोंदी इतरांपेक्षा कमी भरल्या आणि 'गती वाढवणे आवश्यक' असा शेरा आला. दोन्ही कागद एकाच कपाटात होते.

हे टाळायचं तर चार आठवड्यांची एक साधी नोंद ठेवा. उभ्या रांगेत नावं, आडव्या रांगेत कामं: काउंटर, शेल्फ, भांडार, संध्याकाळची पाळी, सुट्टीची पाळी, बालविभाग, रागावलेल्या वाचकाला शांत करणं, दुसऱ्या भाषेत समजावणं, नवीन माणसाला शिकवणं, कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलणं, प्रशिक्षणाला जाणं, बाहेरच्या बैठकीला जाणं. महिन्याने तक्ता सगळ्यांसमोर ठेवा. बालविभाग आणि सजावट नेहमी स्त्रियांकडे, परिषदा नेहमी त्याच दोघांकडे, तळघर नेहमी कंत्राटी मुलाकडे, हे तक्ता स्वतःच सांगतो. मग दुरुस्ती करा: भाषेचं कौशल्य पदाच्या कामांत लिहा, त्याला वेळ द्या, शक्य तिथे भत्ता द्या, आणि तेवढं दुसरं काम कमी करा. अपंग सहकाऱ्याला किंवा एखाद्या अल्पसंख्य समाजातून आलेल्या सहकाऱ्याला प्रत्येक 'समावेशन समिती'वर बसवू नका. त्यांना वर्गीकरणावरही बोलायचं असतं.

वर्गीकरणाचा विषय निघालाच आहे तर सांगते. अमेरिकेतल्या हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथपाल डोरोथी पोर्टर यांनी १९३० च्या दशकात पाहिलं की कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं, मग ती कविता असो वा इतिहास, ड्युई पद्धतीच्या ३२५ म्हणजे वसाहतीकरणाच्या किंवा ३२६ म्हणजे गुलामगिरीच्या अंकात ढकलली जात. त्यांनी ती विषयानुसार पुन्हा लावली. हे आपण वाचकसेवेचं उदाहरण म्हणून सांगतो. पण जुनं, अपमानकारक विषयशीर्षक (कॅटलॉगमध्ये पुस्तकाचा विषय सांगणारा ठरावीक शब्द) रोज स्वतःच्या बोटांनी टाइप करणारा कर्मचारी त्याच समाजातला असेल तर तो कामाच्या जागेचाही प्रश्न होतो. असं शीर्षक दिसलं की नोंदवायची आणि स्थानिक पातळीवर पर्यायी शीर्षक जोडायची वाट करून द्या.

या सगळ्याच्या मुळाशी 'सेवाभाव' हा शब्द आहे. ग्रंथपाल फोबाझी एटार यांनी २०१८ मध्ये लिहिलं की ग्रंथालयाला पवित्र मानण्याची वृत्ती कर्मचाऱ्यांचं शोषण झाकते. पवित्र कामात पगार, पाळी, पाठदुखी यांबद्दल बोलणं क्षुद्र वाटू लागतं. मला माझं काम फार प्रिय आहे, म्हणूनच हे लिहिताना मन घट्ट करावं लागतं: ज्या दिवशी वेळेबाहेरच्या कामाचं उत्तर 'आपण सेवा करतो' असं मिळतं, त्या दिवशी कुणीतरी हिशेब टाळलेला असतो. समान मूल्याच्या कामाला समान वेतन हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९५१ सालचा आहे. वेतनश्रेण्या लिहून, सर्वांना दिसतील अशा ठेवा.

बोलणं, बैठका आणि 'अरे-अहो'

याला मी पायरी म्हणत नाही, कारण ही रोजची गोष्ट आहे. मराठीत प्रत्येक हाकेत दर्जा ठरतो. मी अशी कार्यालयं पाहिली आहेत जिथे प्रमुखांना 'सर', लिपिकाला 'अहो' आणि वयाने सगळ्यांत मोठ्या परिचराला 'ए, इकडे ये'. एकाच खोलीत सर्वांना एकच संबोधन ठरवा, आणि ते 'अहो' असू द्या. दोघांची खासगी जवळीक त्यांची त्यांच्यापाशी. अपंगत्वासाठी कोणता शब्द वापरावा याचं सर्वमान्य उत्तर नाही. ज्या माणसाबद्दल बोलता त्याला कोणता शब्द चालतो ते विचारा. 'बिचारा' आणि 'असं असूनही किती छान काम करतो' हे दोन्ही मात्र नकोतच.

बैठकीचे विषय आदल्या दिवशी लेखी द्या. एका वेळी एकानेच बोलावं, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा, निर्णय त्याच दिवशी लिहून सर्वांना जावेत. माइक असेल तर तो वापरा. "माझा आवाज पोहोचतो, माइक नको" असं म्हणणारा माणूस, ज्याला ऐकू येत नाही त्याला सर्वांसमोर हात वर करायला लावतो.

पायरी ७: वाचक चुकला तर

'वाचक कायम बरोबर' या समजुतीखाली काउंटरवरचा माणूस शिवीगाळ, जातीवरून किंवा रंगावरून टोमणे, नको तो स्पर्श गिळत राहतो. कामाच्या जागी हिंसा आणि छळ यांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ साली झाला आणि जून २०२१ पासून अमलात आहे. ग्राहक किंवा अभ्यागत यांसारख्या तिसऱ्या व्यक्तीकडून होणारा त्रासही त्यात लक्षात घेतलेला आहे.

प्रत्यक्षात तीन गोष्टी ठरवा आणि काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. एक, अपमान झाला की कर्मचारी 'मी सहकाऱ्याला बोलावते' म्हणून जागा सोडू शकतो, परवानगी लागत नाही. दोन, एक ठरलेला शब्द किंवा घंटी, जी ऐकून दुसरा कुणीतरी लगेच येतो. तीन, घटना त्याच दिवशी नोंदवायची, आणि नोंद करणाऱ्याला 'तुम्ही काय बोललात?' हा पहिला प्रश्न विचारायचा नाही. तक्रारीची एक वाट थेट वरिष्ठाला वगळून जाणारी असायलाच हवी.

पायरी ८: आगीच्या वेळी कोण मागे राहील

धोक्याची घंटा भांडारात ऐकू येते का? हेडफोन लावून स्कॅनिंग करणाऱ्याला, कमी ऐकू येणाऱ्याला चमकणारा दिवा दिसतो का? लिफ्ट बंद असताना वरच्या मजल्यावरचा व्हीलचेअर वापरणारा सहकारी कसा उतरेल, त्याच्यासोबत कोण असेल आणि तो माणूस रजेवर असेल तर कोण? हे त्या सहकाऱ्याशी बोलून लिहा आणि सरावात करून बघा. सरावाच्या दिवशी त्याला 'तुम्ही बसा, तुम्हाला त्रास नको' म्हणून वगळणं सगळीकडे होतं, आणि त्यामुळे खऱ्या दिवशी काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं.

पायरी ९: यादीचे तीन भाग करा आणि परत मोजा

आतापर्यंत वहीत पुष्कळ नोंदी झाल्या असतील. त्यांचे तीन भाग करा: आज पैशाशिवाय होणाऱ्या, पुढच्या अंदाजपत्रकात घालायच्या, आणि इमारतीत हात घातल्याशिवाय न होणाऱ्या. पहिला भाग एका महिन्यात संपवा. तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप मोठा असतो: किल्ली, स्टूल, लेबलवरचं अक्षर, युनिकोड, वेळापत्रक, खोक्यांचा आकार. दुसऱ्या भागासाठी अंदाजपत्रकात वेगळं शीर्ष मागा. पैसे नेहमीच्या देखभालीतून काढायचे ठरले की दरवर्षी गळक्या छताशी स्पर्धा होते आणि छत जिंकतं. तिसऱ्या भागातल्या प्रत्येक नोंदीपुढे 'तोपर्यंत काय' हे लिहा.

लहान चमूत टक्केवारी काढू नका. सहा जणांत 'सतरा टक्के अपंग' म्हटलं की बोट एकाच माणसाकडे जातं. त्याऐवजी बघा: सोय मागितल्यापासून मिळेपर्यंत किती दिवस लागले, प्रशिक्षणाला कोण गेलं, संध्याकाळच्या पाळ्या कशा वाटल्या गेल्या, आणि नोकरी कोण सोडून गेलं. सोडून जाणाऱ्याशी शेवटच्या आठवड्यात नव्हे, दोनतीन महिन्यांनी बोला. तेव्हा तो खरं सांगतो.

आणि दर सहा महिन्यांनी तीच मोजपट्टी घेऊन पुन्हा एका पुस्तकाच्या मागे चाला. मोकळी केलेली वाट मोकळी राहत नाही. माझ्या अनुभवात सर्वांत आधी भरतो तो भांडाराच्या दाराशी असलेला वळणाचा कोपरा. देणगीत आलेली पुस्तकं 'दोन दिवसांपुरती' तिथे टेकवली जातात. मोजायला सुरुवात तिथूनच करा.